पुठ्ठेकाकांचा घडीचा चौक

पुठ्ठेकाकांनी आयुष्यभर जे जे केलं, ते लोकांनी घरी नेऊन फाडलं. ही तक्रार नव्हे, हे त्यांच्या धंद्याचं वर्णन आहे. काका खोक्यांच्या कारखान्यात आराखडे काढायचे. बुटांची खोकी, बल्बची खोकी, मिक्सरची, इस्त्रीची, खोकल्याच्या औषधाची. घडी कुठे पडेल, कुठली कड कुठल्या खाचेत बसेल, पुठ्ठा कमीत कमी वाया कसा जाईल, हे सगळं त्यांच्या पेन्सिलीतून उतरायचं. आणि माणूस नवी वस्तू घेऊन घरी आला की पहिलं काम काय करतो? वस्तू बाहेर काढतो आणि खोकं फेकतो. "जगात दोनच माणसांचं काम लोक न बघता फाडतात," काका स्वतःच सांगत. "एक माझं, दुसरं लिफाफे करणाऱ्याचं. त्यातही लिफाफ्यावर निदान कुणाचं तरी नाव असतं."

पुठ्ठेकाका हे नाव कारखान्यात पडलं आणि घरापर्यंत आलं. खरं नाव विजेच्या बिलावर तेवढं उरलं होतं.

निवृत्त झाल्यावर तर फारच वाईट दिवस आले. सकाळी फिरायला निघाले की कोपऱ्यावरच्या कचरागाडीत त्यांना आपली जुनी कामं भेटायची. "हे बघ, हे इस्त्रीचं खोकं माझं," ते काकूंना थांबवून दाखवायचे. "या झाकणासाठी मी किती डोकं खाजवलंय माहितेय?" काकू नाकाला रुमाल लावायच्या आणि म्हणायच्या, "मग घ्या ना उचलून. घरात अडगळ जरा कमीच आहे." काका हसायचे. पण निघताना त्या खोक्याकडे पुन्हा वळून बघायचे. मरायच्या आधी आपल्या हातून एक तरी गोष्ट अशी व्हावी, जी लोक टाकणार नाहीत, एवढीच त्यांची इच्छा होती. लोक ती काचेच्या कपाटात ठेवतील, पाहुण्यांना दुरूनच दाखवतील आणि पोरांना सांगतील, हात लावायचा नाही. माणसानं स्वप्न बघावं तर असं, ऐपतीबाहेरचं.

ही इच्छा पुरी करायची संधी आणली ती सूनबाईनं. सूनबाई मुलांच्या पुस्तकांची चित्रं काढायची. लग्न होऊन दुसऱ्या शहरातून इथं येऊन तिला फार दिवस झाले नव्हते. एकदा काकांनी रिकामपणी उरलेल्या पुठ्ठ्याचा एक खेळ केला. दुमडलेला पुठ्ठा उघडला की गावातल्या मोठ्या चौकाचा कोपरा उभा राहायचा, मिटला की गपगार आडवा. सूनबाईनं तो पिशवीत घालून आपल्या प्रकाशक बाईंना नेऊन दाखवला. बाईंनी तो चारदा उघडला, चारदा मिटला आणि म्हणाल्या, "याचं पॉप-अप पुस्तक करू. एकच चौक, पण सात काळांतला. शहर कसकसं बदलत गेलं ते पोरांना पान उघडताच समोर उभं दिसलं पाहिजे."

पहिल्या भेटीत बाईंनी काकांना विचारलं, "याआधी आपलं कुठलं पुस्तक?"

"पुस्तक असं नाही," काका म्हणाले, "पण तुमच्या घरी मिक्सर असेल तर त्याचं खोकं बहुतेक माझंच असणार."

"ते मी टाकून दिलं असेल," बाई म्हणाल्या.

"हो, बरोबर. तोच माझा अनुभव आहे," काका म्हणाले आणि काम पक्कं झालं.

त्या दिवसापासून घरातलं जेवणाचं टेबल काकांनी बळकावलं. ताटं मांडीवर आली. काकू उठता-बसता म्हणायच्या, "शहर वसवा, पण मला मीठ ठेवायला तरी जागा सोडा." पहिल्या पानावर बैठी कौलारू घरं, दुसऱ्यावर धुराड्याची गिरणी, तिसऱ्यावर घड्याळाचा मनोरा असलेलं स्टेशन, चौथ्यावर गोल तोंडाचं थिएटर, पाचव्यावर गॅलऱ्यांच्या चारमजली इमारती, सहाव्यावर काचेचा टॉवर आणि सातव्यावर सगळ्यांच्या डोक्यावरून गेलेला उड्डाणपूल. चौक तोच. एक इमारत आली की दुसरी जायची, तिसरी तिच्या शेजारी दाटीवाटीनं उभी राहायची.

काचेच्या टॉवरनं काकांचा घाम काढला. पान मिटलं की इमारत पानाबाहेर डोकावता कामा नये, हा पॉप-अपचा साधा नियम. काकांचा टॉवर मात्र पुस्तक मिटलं तरी वरून चांगला वीतभर बाहेर. काकू येता-जाता तो बोटानं आत ढकलायच्या. "याला बांधकामाची परवानगी दिसत नाही," त्या म्हणायच्या. शेवटी काकांनी टॉवर मधोमध दुमडला. उघडताना तो आधी अर्धा उठायचा, क्षणभर विचार करायचा आणि मग ताठ व्हायचा. "सकाळी मी उठतो तसाच," काका म्हणाले.

पण त्यांचा जीव होता थिएटरवर. त्याचं गोल तोंड कागदात आणणं म्हणजे चेष्टा नव्हती. त्याच्या पायऱ्या पान उघडताना एकेक करून खाली उतरायच्या आणि तिकीटखिडकीसमोरची पट्टी ओढली की रांग पुढे सरकायची. ही रांग बघून काकांना स्वतःबद्दल इतकं कौतुक वाटायचं की ती ते दिवसातून कितीदा तरी ओढायचे. घरात कोणी आलं नाही तर दूधवाल्याला दाखवायचे.

कामाची पद्धत अशी होती. काका इमारतींच्या रेषा आखायचे, कुठे कापायचं, कुठे घडी घालायची. त्या आराखड्याची एक प्रत जायची साचे करणाऱ्याकडे आणि दुसरी सूनबाईकडे. ती त्यावर दगड, कौलं, खिडक्या, पाट्या, माणसं रंगवायची. तिनं सुरुवातीलाच विचारलं होतं, "बाबा, मी चौकात जाऊन फोटो काढून आणू का?"

"फोटो?" काका असे म्हणाले जणू तिनं त्यांना काठी आणून देऊ का म्हणून विचारलं होतं. "अगं, त्या चौकात मी चड्डीत फिरलोय. सगळा चौक माझ्या डोक्यात आहे. मी आखतो त्यावर तू रंगव."

थोड्या दिवसांनी तिनं पुन्हा चाचरत विचारलं, "बाबा, थिएटर डाव्या हाताला येतं ना? तुमच्या चित्रात उजवीकडे दिसतंय."

"तू कुठून येतेस त्यावर आहे ते," काका म्हणाले. "तू या गावात आलीस कालपरवा. नवीन माणसाचा असा गोंधळ होतो."

तिसऱ्यांदा ती स्टेशनबद्दल विचारायला आली, तेव्हा काकांनी मान वर न करता नुसता हात हलवला. ती बिचारी परत गेली आणि सासऱ्यांच्या डोक्यातलं शहर रंगवत बसली. खिडक्यांमधले पडदे, गॅलरीत वाळणारे कपडे, थिएटरच्या पायरीवर चप्पल शोधणारा माणूस, सगळं तिनं जीव ओतून केलं. उन्हाळा संपला तरी तिच्या बोटांचा रंग गेला नाही.

मुखपृष्ठावर नावं कशी घालायची असं बाईंनी विचारलं, तेव्हा काकांनी विनयानं आपलं नाव वर आणि मोठं सांगितलं.

शेवटी नमुन्याची एक प्रत तयार झाली. काकांनीच आराखड्याबरहुकूम चित्रं हातानं कापली, चिकटवली, सातही पानं उभी केली. साचे तयार होते, मुखपृष्ठ छापून झालं होतं, आतली पानं दोन दिवसांत छापायला जाणार होती. अशा वेळी शहाणा माणूस घरी स्वस्थ बसतो. काका नमुना बगलेत मारून केस कापायला गेले, केस हे नुसतं निमित्त होतं. सलून चौकातच होतं, थिएटरला लागून. सलूनवाल्याच्या वडिलांपासूनचं ते दुकान काकांनी पुस्तकातही घातलं होतं आणि ते त्याला दाखवल्याशिवाय त्यांना चैन पडणार नव्हती.

खुर्चीत बसून, गळ्याभोवती पांढरं कापड बांधून घेऊन काकांनी चौथं पान उघडलं. सलूनवाल्याची कात्री चालू होती. सलूनवाला बोलतो तो कायम आरशाशीच, त्यामुळे तो म्हणाला, "असं छातीशी उभं धरा काका, मला समोर दिसू दे."

काकांनी पुस्तक आरशाकडे तोंड करून धरलं. सलूनवाला कात्री थांबवून आरशात बघत राहिला. "वा! डावीकडे थिएटर. त्याला चिकटून आमचं दुकान. दारात उभे आहेत ते आमचे अण्णाच की! पलीकडे उजवीकडे स्टेशन. काका, तंतोतंत उतरवलंत हो."

काकाही आरशात बघत होते. काय सांगावं, इतके महिने या पानात काहीतरी टोचायचं, ते आज पहिल्यांदाच टोचत नव्हतं. चौक जसा हवा तसा दिसत होता. आपण खरंच कलावंत आहोत, हे त्यांना त्या खुर्चीत बसल्या बसल्या पटलं.

"एक मात्र चुकलंय," सलूनवाला म्हणाला. "सूनबाईंनी पाट्या उलट्या लिहिल्यात. आमच्या दुकानाचं नाव वाचताच येत नाही."

"अरे शहाण्या," काका हसून म्हणाले, "तू आरशात बघतोयस. आरशात अक्षरं उलटी दिसणारच. आरशात सगळंच..."

आणि काकांचं तोंड उघडंच राहिलं. आरशात सगळंच उलटं दिसतं. अक्षरं उलटी दिसत होती, कारण ती सुलटी लिहिलेली होती. मग चौक सुलटा दिसत होता, तो कशामुळे?

सलूनवाला तोवर खुर्चीला वळसा घालून पुढे आला आणि प्रत्यक्ष पानात डोकावला. "अहो काका," तो म्हणाला, "आमचं दुकान रस्त्यापलीकडे कधी नेलंत?"

काका उठले. अर्धं डोकं कापलेलं, अर्धं तसंच, गळ्यात सलूनचं कापड. ते तसेच बाहेर पडले आणि भर चौकात, ज्या जागेवरून त्यांनी चौक आखला होता त्या जागी जाऊन उभे राहिले. पुस्तक उघडून त्यांनी समोर धरलं. समोर थिएटर डावीकडे, पुस्तकात उजवीकडे. समोर स्टेशन उजवीकडे, पुस्तकात डावीकडे. एका रिक्षावाल्यानं गाडी हळू करून विचारलं, "काका, पत्ता शोधताय का?" काकांनी मान हलवली. चड्डीत ज्या चौकात फिरले, त्या चौकात ते हरवले होते.

असं का झालं हे त्यांना तिथल्या तिथे कळलं आणि त्यांनी कपाळावर हात मारून घेतला. पुठ्ठा कापायचा साचा म्हणजे लाकडी फळीत ठोकलेली पोलादी पाती. ती फळी कागदावर पालथी दाबली जाते, म्हणून फळीवरचा आराखडा उलटा लागतो. रबरी शिक्क्यावरची अक्षरं उलटी असतात तसा. काकांनी जन्मभर सगळं उलटंच आखलं होतं. हात त्यालाच सरावला होता, डोकंही त्यालाच सरावलं होतं. खोक्याला डावं-उजवं कोण विचारतो? पण चौकाला डावं-उजवं असतं. साचेवाल्याला उलटा आराखडा मिळाला, ते योग्यच झालं. तोच उलटा आराखडा त्यांनी सुनेला रंगवायला दिला. आणि तिनं विचारलं तर तिलाच नवीन ठरवलं.

काका थिएटरच्या पायरीवर बसले आणि दोष कुणाच्या गळ्यात घालता येईल याचा विचार करू लागले. माणूस आहे, करणारच. साचेवाल्यानं तर बरोबर केलं होतं. सुनेनं विचारलं होतं. आरसा बिचारा एकटाच खरं बोलला होता. फिरून फिरून भोपळे चौकात तसे ते स्वतःशीच येऊन थांबले. दोन दिवसांत छपाई. चित्रं उलटी, पात्यांचे काप मात्र सुलटे पडणार. मशीन चाललं की स्टेशनची कड थिएटरच्या पोटातून कापली जाणार आणि गठ्ठेच्या गठ्ठे कचऱ्यात जाणार. जन्मात एकदा न टाकण्यासारखी वस्तू करायला घेतली आणि ती कारखान्याबाहेरसुद्धा पडणार नाही अशी सोय केली. खोकं निदान घरापर्यंत तरी पोचायचं.

पण खरी लाज वाटली ती त्या चप्पल शोधणाऱ्या माणसाची. थिएटरच्या पायरीवर बसल्या बसल्या पुस्तकातला तो त्यांना दिसला. एवढासा माणूस, त्याच्या शर्टाची एक गुंडी तुटलेली. ही तुटलेली गुंडी काढायला सूनबाईला कुणी सांगितलं नव्हतं. तिची ही सगळी मेहनत आपल्या तोऱ्यापायी वाया जाणार होती. ते उठले आणि सरळ घरी गेले.

"बाबा, केस?" दार उघडताच सूनबाई म्हणाली.

"केस राहू देत. तू बस."

ती बसली. काकांनी पुस्तक टेबलावर उघडलं आणि सगळं सांगितलं. सांगताना त्यांनी मधेच साचेवाल्याचा उल्लेख करून बघितला, पण तो टिकला नाही. सूनबाईनं पुस्तक मिटलं. मग म्हणाली, "मी विचारलं होतं, बाबा."

"हो."

"तीनदा."

"हो."

"तुम्ही म्हणालात, नवीन माणसाचा गोंधळ होतो."

"हो गं बाई. म्हणालो."

"मला वाटलं, तुम्ही दुसऱ्या टोकाकडून बघताय. मग वाटलं, मलाच चौक कळत नाही. एकदा तर बसमधून मुद्दाम दुसऱ्या बाजूनं चौकात फिरून आले." तिच्या डोळ्यांत पाणी होतं आणि ते रागाचं होतं. काकांना ते बघवेना.

"चुकलो," ते म्हणाले. "तुझं बरोबर होतं, माझं चूक होतं."

स्वयंपाकघरातून भांडं ठेवल्याचा आवाज आला आणि काकू हात पुसत बाहेर आल्या. "जरा परत म्हणा," त्या म्हणाल्या. "लग्न झाल्यापासून हे वाक्य ऐकायचं राहिलं होतं, नीट ऐकू आलं नाही."

"पुन्हा म्हणणार नाही," काका म्हणाले. "एकदाच होतं."

सूनबाई नको नको म्हणताना हसली. मग डोळे पुसून कॉम्प्युटरपुढे बसली. तिची चित्रं सगळी त्यात घेऊन ठेवलेली होती. तिनं पहिलं पान घेतलं, एक बटण दाबलं आणि अख्खी वस्ती डावीची उजवीकडे झाली. काका बघतच राहिले. त्यांना स्वतःच्या डोक्यानं एवढा घोळ घालायला उभं आयुष्य लागलं होतं आणि हिनं तो एका बोटानं फिरवला. सातही पानं सुलटी होईपर्यंत काकूंचा चहासुद्धा झाला नव्हता.

"झालं की मग!" काका उत्साहानं म्हणाले. त्यांचा उत्साह असाच अवेळी यायचा.

"कुठे झालं?" सूनबाई म्हणाली. "हे बघा. आता पाट्या उलट्या झाल्या. स्टेशनचं घड्याळ उलटं झालं. आणि या गाड्या बघा, सगळ्या रस्त्याच्या चुकीच्या बाजूनं धावतायत."

"गाड्या राहू देत," काकू म्हणाल्या. "त्या खऱ्या चौकातही तशाच धावतात."

पाट्या, घड्याळ आणि गाड्या मात्र नव्यानं काढायला लागणार होत्या आणि त्याला आठवडा तरी लागणार होता. प्रकाशक बाईंना ते सांगायचं काम काकांनी अंगावर घेतलं. फोन हातात धरून ते खोलीत दोन चकरा मारून आले, मग लावला.

"म्हणजे," सगळं ऐकून बाई म्हणाल्या, "तुम्ही संपूर्ण शहर उलटंपालटं केलंत?"

"हो."

"नगरपालिका इतकी वर्षं प्रयत्न करतेय. तुम्ही एकट्यानं केलंत." मग त्या हसल्या आणि आठवडा मिळाला. काकांनी जाता जाता म्हटलं, "आणि मुखपृष्ठावर आधी सूनबाईचं नाव घाला. मोठं."

"मुखपृष्ठ छापून झालंय," बाई म्हणाल्या. "आता तुमचंच वर राहणार."

हे बरं झालं की वाईट, ते काकांना ठरवता येईना. पुढचा आठवडा ते सुनेच्या हाताखाली राबले. ती सांगेल ती पाटी आखायची, ती म्हणेल त्या बाजूला. प्रत्येक पाटीला ते विचारायचे, "ही डावीकडेच ना?" दुसऱ्या दिवशी सूनबाई म्हणाली, "बाबा, आता इतकंही विचारू नका." सलूनवाल्यानं घरी येऊन उरलेले केस कापले आणि पुस्तकातल्या आपल्या दुकानाची जागा तपासून गेला.

पुस्तक निघालं. साच्यांनी चित्रांना कडेकडेनं बरोबर कापलं, थिएटरच्या पायऱ्या उतरल्या, रांग सरकली. काका रोज पुस्तकांच्या एका दुकानात गिऱ्हाईक म्हणून जायचे, स्वतःचं पुस्तक उघडून "अरे वा, छान आहे हं" असं शेजारच्याला ऐकू जाईल इतपत म्हणायचे आणि विकत न घेताच परत यायचे. दुकानदारानं त्यांना ओळखलेलं होतं, पण बिचारा बोलला नाही. कुणी पुस्तक घेतलंच, तर काका त्याच्या मागून दारापर्यंत जायचे. हा माणूस हे कुठल्या कपाटात ठेवेल, हे त्याच्या चेहऱ्यावरून कळतं का, ते बघायचे. आणि वरचं आपलं नाव दिसलं की चोरट्यासारखं अंगठ्यानं झाकायचे.

काही महिन्यांनी चौकातलं थिएटर पाडलं. तिथं दुकानांची काचेची इमारत होणार होती. काका बघायला गेले, पत्र्याच्या कुंपणाला डोळा लावून उभे राहिले आणि वाईट वाटून परत आले. गोल तोंड आधीच पडलं होतं. आता पुस्तकातलं सातवं पानही जुनं झालं, असं ते घरी येऊन म्हणाले.

त्याच आठवड्यात एका संध्याकाळी दारावर टकटक झाली. बाहेर बसच्या एक कंडक्टर बाई उभ्या होत्या, गणवेशातच, ड्यूटी संपवून आलेल्या. "पुस्तक करणारे काका तुम्हीच ना? सलूनवाल्यांनी पत्ता दिला," त्या म्हणाल्या आणि पिशवीतून एक वस्तू काढून त्यांनी टेबलावर ठेवली.

ते काकांचं पुस्तक होतं, हे ओळखायला काकांना वेळ लागला. कोपरे झिजून गोल झाले होते. गिरणीचं धुराडं लोंबत होतं. टॉवरवर कुणाची तरी तेलकट बोटं उमटली होती. काकांनी चौथं पान उघडलं आणि त्यांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. थिएटर मुळापासून निखळलं होतं, पायऱ्यांच्या चिंध्या झाल्या होत्या, रांग अर्धीच उरली होती. कुठलं काचेचं कपाट अन् कुठलं काय! इतकं जपून केलेलं काम या लोकांनी पार खोक्यासारखं वापरलं होतं.

"पोरगी रोज उघडते हो," बाई अपराधी आवाजात म्हणाल्या. "शाळेतून आली की आधी हे. झोपताना पुन्हा हे. मैत्रिणी आल्या की त्यांना. मी किती ओरडले."

काका काहीतरी बोलणार होते, पण त्यांची नजर थिएटरच्या मागच्या बाजूला गेली. तिथं चिकटपट्टी लावलेली होती. त्या पट्टीवर दुसरी पट्टी. ती सुटल्यावर कुणीतरी पिठाची खळ लावली होती. तीही निघाल्यावर सुईदोऱ्यानं बारीक टाके घातले होते, जाड कागदात, एकेक टाका ओढून. काकांनी त्या टाक्यांवरून बोट फिरवलं. इतक्या वाईट पद्धतीनं केलेली इतकी चिवट दुरुस्ती त्यांनी सबंध नोकरीत पाहिली नव्हती. त्यांचं फाटलेलं खोकं आजवर कुणी शिवलं नव्हतं.

"हे टाके कुणी घातले?" त्यांनी विचारलं.

"मीच. शेवटच्या स्टॉपवर बस थांबते ना, तेव्हा. पण ते उभं राहीना. आणि आता तर खरं थिएटरही पाडलं. तेव्हापासून पोरगी हट्टालाच पेटलीय, आपलं तरी उभं करून आण म्हणते."

काकांनी पान हलक्या हातानं मिटलं. "बाई, यात आता फारसं काही उरलं नाही हो," ते म्हणाले. "दुकानात नवीन मिळेल. दुसऱ्या कुणी हे केव्हाच टाकून दिलं असतं."

कंडक्टर बाईंनी त्यांच्याकडे असं बघितलं, जसं त्या तिकीट न काढता बसलेल्या म्हाताऱ्याकडे बघत असतील.

"टाकायचं असतं तर ड्यूटी करून इथवर आले असते का?" त्या म्हणाल्या.

काकांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला. मग खुर्ची ओढून दिली आणि म्हणाले, "बसा. आत्ताच करून देतो."